गोळी पिस्तुलाची, नळी सोळा इंचाची

पोचिंकीत उतरलात. पळत पळत एका घरात शिरलात तर जमिनीवर यूएमपी आणि व्हेक्टर, दोन्ही पडलेत. बाहेर पावलांचे आवाज येतायत. काय उचलणार? बीजीएमआय खेळणाऱ्या प्रत्येकाकडे याचं उत्तर तयार असतं आणि ते द्यायला दोन सेकंदही लागत नाहीत.

आता सीन बदलूया. तुमच्या ग्रुपमधलं कुणी ना कुणी एमएससाठी अमेरिकेला गेलेलं असतं, किंवा तुम्ही स्वतःच जीआरईच्या मागे लागलेले असता. समजा, उद्या तुम्ही टेक्सासला पोहोचलात. शुक्रवारी लेक्चर संपल्यावर तिथला क्लासमेट म्हणतो, ‘उद्या रेंजवर येतोस? मला कार्बाइन घ्यायचीय, दोन-तीन मारून बघू.’ गेममधल्या त्या बंदुकांची खरीखुरी भावंडं तिथल्या दुकानात काउंटरमागे टांगलेली असतात. त्यातली एक निवडायची म्हणजे नक्की काय बघायचं? आणि तुम्ही त्या बंदुकीला हात लावायचा का?

ही भानगड काय आहे?

ढोबळमानानं दोन घराणी धरा. पिस्तूल म्हणजे आखूड नळी, छोटं काडतूस. रायफल म्हणजे लांब नळी, मोठं काडतूस आणि खांद्याला टेकवायचा दस्ता. पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी कार्बाइन या दोघांच्या मधली. अंगकाठी रायफलची, पण पोटात काडतूस पिस्तुलाचं, बहुतेक वेळा ९ मिमीचं.

ती ‘सेमी-ऑटोमॅटिक’ असते. म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. पुढचं काडतूस आपोआप चढतं, पण ते उडवायला ट्रिगर सोडून परत दाबावा लागतो. गेममधली यूएमपी ट्रिगर धरून ठेवला की सुटतच राहते, कारण ती सबमशिन गन आहे. तिचीच सेमी-ऑटो बहीण जर्मनीच्या हेकलर अँड कॉकनं ‘यूएससी’ नावानं नागरिकांसाठी काढली होती. व्हेक्टरचीही सोळा इंच नळीची सेमी-ऑटो कार्बाइन आहे.

कल्पना मात्र जुनी आहे. विंचेस्टरची १८७३ ची रायफल .४४-४० या काडतुसावर चालायची. काही वर्षांत कोल्ट कंपनीनं त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर आणलं. कमरेच्या पट्ट्यात एकाच प्रकारची काडतुसं भरा, दोन्ही हत्यारांत चालतात. आजही कार्बाइन घेणारे हेच पहिलं कारण सांगतात.

निवडताना काय बघतात?

पहिली गोष्ट मॅगझिन. ज्याच्याकडे आधीच ग्लॉक पिस्तूल आहे, तो त्याच मॅगझिनवर चालणारी कार्बाइन शोधतो. रुगर कंपनीच्या पीसी कार्बाइनमध्ये मॅगझिनचा खाचा बदलता येतो, त्यामुळे रुगरचीही मॅगझिनं चालतात आणि ग्लॉकचीही. केल-टेकची सब-२००० मधोमध घडी होऊन बॅगेत मावते आणि वजनाला जेमतेम दोन किलोच्या आसपास आहे. हाय-पॉइंट दिसायला ओबडधोबड आणि खिशाला स्वस्त.

दुसरी गोष्ट आतली यंत्रणा. यातल्या बऱ्याच कार्बाइन ‘ब्लोबॅक’वर चालतात. गोळी पुढे जाते, त्याच दाबानं बोल्ट मागे ढकलला जातो. त्याला अडकवून ठेवणारी कडी नसते, नुसतं वजन आणि स्प्रिंग. रचना सोपी आणि स्वस्त, पण बोल्ट जड ठेवावा लागतो आणि तो मागेपुढे आपटतो. त्यामुळे इतक्या छोट्या काडतुसाच्या मानानं धक्का जास्त जाणवतो.

तिसरी गोष्ट म्हणजे आपण नक्की काय विकत घेतोय याचं भान. नळी लांब झाली म्हणून ती रायफल होत नाही. ९ मिमीची गोळी पिस्तुलातून सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगानं निघते. सोळा इंची नळीतून हा वेग फार तर ४०० च्या आसपास जातो, कारण पिस्तुलाच्या काडतुसातली दारू भराभर जळून जाते आणि नंतरच्या लांबीचा फारसा उपयोग होत नाही. ५.५६ मिमीच्या रायफलची गोळी ९०० च्या पुढे असते. कार्बाइनचा खरा फायदा पकडीत आहे. दोन हात, खांदा आणि गाल असा चार ठिकाणी आधार मिळतो, म्हणून नवख्याचाही नेम पन्नास मीटरवर बरा लागतो. नेमबाजीच्या स्पर्धा घेणाऱ्या यूएसपीएसए या अमेरिकी संघटनेनं २०१६ मध्ये या बंदुकांसाठी वेगळा गटच सुरू केला.

बरेच जण ती घराच्या संरक्षणासाठी घेतात. पण अमेरिकी घरांच्या आतल्या भिंती आपल्यासारख्या विटांच्या नसतात, जिप्समच्या पातळ पाट्यांच्या असतात. ९ मिमीची गोळी अशा एकाहून अधिक भिंती सहज पार करते. शेजारच्या खोलीत कोण झोपलंय, हा प्रश्नही निवडीचाच भाग आहे.

सोळा इंच आणि अठरा वर्षं

सगळ्या कार्बाइनची नळी नेमकी सोळा इंचांच्या आसपास का, असा प्रश्न पडला असेल तर तो बरोबर आहे. उत्तर कायद्यात आहे. १९३४ च्या अमेरिकी कायद्यानुसार सोळा इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल ठेवायची तर सरकारकडे वेगळी नोंदणी आणि मंजुरी लागते. सोळा पूर्ण असले की ती साधी रायफल.

आणि साधी रायफल ठरली की वय बदलतं. १९६८ च्या संघीय कायद्यानुसार परवानाधारक दुकानदार २१ वर्षांखालच्या व्यक्तीला पिस्तूल विकू शकत नाही, पण रायफल १८ व्या वर्षी विकू शकतो. काडतूस तेच असलं तरी दस्ता आणि नळी वाढली की तीन वर्षं कमी! फ्लोरिडानं २०१८ च्या पार्कलंड शाळेतल्या गोळीबारानंतर सगळ्याच बंदुकांसाठी २१ ची अट घातली. इतर राज्यांत वेगवेगळे नियम आहेत आणि वयाच्या अटींवर कोर्टांत वादही चालू आहेत.

या तीन वर्षांच्या फटीची एक आठवण अमेरिकेत कायम काढली जाते. २० एप्रिल १९९९ ला कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. त्यांच्याकडच्या चार बंदुकांपैकी एक हाय-पॉइंटची ९ मिमी कार्बाइन होती. खरेदीच्या वेळी दोघंही १७ वर्षांचे होते. १८ वर्षांच्या मैत्रिणीनं बंदुकांच्या जत्रेत खासगी विक्रेत्यांकडून ती कार्बाइन आणि दोन शॉटगन घेऊन दिल्या. तिथे पार्श्वभूमी तपासणीची सक्तीच नव्हती. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोच्या मतदारांनी अशा जत्रांमध्ये तपासणी बंधनकारक केली.

तुमच्यापुरतं सांगायचं तर

आता परत त्या शनिवारच्या रेंजवर येऊ. अमेरिकी मित्राला वरचं सगळं बघून बंदूक घेता येईल. तुम्ही मात्र एफ-१ व्हिसावर आहात. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीनं बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा गुन्हा आहे. विद्यार्थी, टुरिस्ट, एच-१बीवाला दादा, सगळे यात येतात. ‘बाळगणं’ म्हणजे फक्त विकत घेणं नाही. रेंजवर भाड्यानं घेतलेली बंदूक हातात धरणंही त्यात येऊ शकतं. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे. मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. पण व्हिसाची स्थितीच बिघडली असेल तर हा अपवादही वाचवत नाही.

हे पुस्तकी नाही. ‘रेहाफ विरुद्ध अमेरिका’ हा खटला वाचा. संयुक्त अरब अमिरातीतून विद्यार्थी व्हिसावर आलेल्या तरुणाला कमी मार्कांमुळे फ्लोरिडातल्या विद्यापीठानं काढून टाकलं. पुढे तो रेंजवर गेला आणि तिथे गोळ्या झाडल्या. बस, एवढंच. त्याला १८ महिन्यांची कैद झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१९ मध्ये सातविरुद्ध दोन मतांनी न्यायालयानं ती शिक्षा रद्द ठरवली. आपण देशात बेकायदा आहोत हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकारनं सिद्ध करायला हवं, असं ते म्हणाले. पण तोवर त्याची वर्षं कोर्टात गेली होती. आणि हा लेख वाचल्यावर ‘मला माहीतच नव्हतं’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही!

आपल्याकडे काय? ९ मिमी हे काडतूस भारतात ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये मोडतं, सर्वसामान्य अर्जदाराला त्याचा परवाना मिळत नाही. शस्त्र परवान्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. ९ मिमीच्या कार्बाइन इथे पोलिसांच्या आणि लष्कराच्या हातात दिसतात. २०२१ च्या जानेवारीत जाहीर झालेलं ९ मिमीचं ‘अस्मी’ मशिन पिस्तूल पुण्याच्या एआरडीई आणि महूच्या इन्फंट्री स्कूलनं मिळून घडवलंय. नेमबाजीचीच खाज असेल तर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलापासून सुरुवात करा. तुमच्या जिल्ह्यातल्या रायफल क्लबमध्ये चौकशी करा, कोल्हापूरच्या पोरापोरींनी याच वाटेनं ऑलिम्पिक गाठलंय.

आणि टेक्सासच्या मित्राला काय सांगाल? ‘मॅगझिन तुझ्या पिस्तुलाशी जुळतंय का बघ, बोल्ट किती आपटतो ते मारून बघ, घरी कुलूपबंद कपाट आधी आण. मी येतो, पण काचेमागे उभा राहतो.’ तो का विचारेल. त्याला व्हिसाचा स्टॅम्प दाखवा.