जुनेराला आलेला भाव

१० जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये एक जुनी पर्स लिलावात निघाली. काळ्या चामड्याची, कडांना घासलेली, जागोजागी डाग पडलेली आणि कधीकाळी चिकटवलेल्या स्टिकरांच्या खुणा अंगावर राहिलेली. एर्मेस या फ्रेंच कंपनीने १९८५ साली जेन बर्किन या अभिनेत्री-गायिकेसाठी ती बनवली होती आणि बाईंनी ती सुमारे नऊ वर्षे वापरली होती. वापरून वापरून जुनी झालेली ही पर्स ८६ लाख युरोंना, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ८६ कोटी रुपयांना विकली गेली!

बातमी वाचून अनेकांना गंमत वाटली असेल. आम्हाला गंमत वाटली नाही. आम्हाला आमच्या आज्यांची जुनेरे आठवली.

या देशात दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले कापड कोणी नेसायचे, हे बाजाराने ठरवले नव्हते. ते धर्माने ठरवले होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत अशी आज्ञा आहे. चांडाळाने तर मेलेल्या माणसांचेच कपडे घालावेत, असे त्याच अध्यायात फर्मावले आहे. गावगाड्यात महारांच्या वाट्याला आलेल्या तथाकथित हक्कांमध्ये प्रेतावरचे कापड होते. हक्क हे नाव, आणि पदरात काय, तर मढ्याचे वस्त्र! आमच्या पिढीतल्या कित्येकांनी शाळेत मालकाच्या पोराचा सदरा घातला आहे आणि वर्गात त्याच पोराने तो ओळखल्यावर मान खाली घातली आहे. त्या सदऱ्याला कोणी 'व्हिंटेज' म्हटले नाही.

आज तीच गोष्ट, म्हणजे वापरलेली वस्तू, श्रीमंतांच्या जगात मोठ्या थाटात मिरवते आहे. पॅरिसमध्ये २००९ साली 'व्हेस्टिएर कलेक्टिव्ह' सुरू झाली, अमेरिकेत २०११ साली 'द रिअलरिअल' सुरू झाली आणि २०१९ साली ती शेअर बाजारातही उतरली. आपल्याकडे दिल्ली-मुंबईतही असे धंदे उभे राहिले आहेत. व्यवहार साधा आहे. विकणाऱ्याने आपली वापरलेली पर्स, घड्याळ किंवा बूट कंपनीकडे पाठवायचे. कंपनी वस्तू खरी की नकली ते तपासते, फोटो काढते, इंटरनेटवर मांडते, आणि विकली गेली की आपला वाटा कापून उरलेले पैसे मालकाला देते. काही ठिकाणी कंपनी केवळ बाजाराची जागा पुरवते, सौदा ग्राहक आणि विक्रेता आपसात करतात. भाषा मात्र सगळीकडे गोड. 'सेकंड हँड' म्हणायचे नाही, 'प्री-लव्हड' म्हणायचे. म्हणजे आधी कोणीतरी प्रेम केलेली वस्तू! आमच्या अंगावर आले ते जुनेर, त्यांच्या अंगावर गेले ते प्रेम.

या व्यवहारात वाईट काही नाही, असे कोणी म्हणेल. आम्हीही तसेच म्हणतो. वस्तू टाकून देण्यापेक्षा दुसऱ्याने वापरलेली बरी. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीने मार्च २०१८ ला संपलेल्या एका वर्षात न विकलेला २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केला होता. भाव उतरू नये, 'नको त्या' माणसाच्या अंगावर आपला शिक्का दिसू नये, ही अशा नासाडीमागची नीती. बोंब झाल्यावर त्याच वर्षी कंपनीने हा प्रकार थांबवल्याचे जाहीर केले. त्यामानाने जुनी वस्तू विकणारा बाजार शहाणा म्हणावा लागेल. आमचा प्रश्न वेगळा आहे. जुन्या वस्तूला भाव येतो तो कोणाच्या स्पर्शाने?

बर्किनबाईंच्या पर्सवरचे डाग तिची किंमत कमी करत नाहीत, वाढवतात. कारण ते बर्किनबाईंचे डाग आहेत. आपल्याकडेही २०१५ साली हे पाहिले. पंतप्रधानांनी स्वतःचेच नाव विणलेला जो सूट अमेरिकेच्या अध्यक्षांच्या भेटीत घातला होता, तो सुरतेच्या लिलावात ४ कोटी ३१ लाख रुपयांना गेला. एकदा अंगावर चढून उतरलेला कपडा, आणि भाव कोटींत! मोठ्यांच्या स्पर्शाने कापड सोन्याचे होते आणि आमच्या स्पर्शाने पाणी बाटते. ज्या देशात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, त्या देशातल्या माणसाला 'स्पर्शाची किंमत' म्हणजे काय ते पॅरिसने शिकवायची गरज नाही.

आता या बाजारातले कसब पाहा. या कंपन्यांत तपासनीस असतात. ते शिवणीचे टाके मोजतात, चामड्याला हात लावून पाहतात, चेन ओढून पाहतात, आतला शिक्का वाचतात. त्यांना 'ऑथेंटिकेटर' हे भारदस्त नाव आहे. आमच्या चाळीत भांड्यांची टोपली घेऊन येणारी बोहारीण याहून वेगळे काय करत होती? साडी उजेडात धरायची, काठ चोळून पाहायची, सदऱ्याची कॉलर उलटायची, विरलेली जागा बोटाने शोधायची आणि क्षणात सांगायची, याला स्टीलचा डबा येणार नाही, वाटी घ्या. मुंबईत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या वाघरी समाजाच्या बायकांनी डोक्यावर वाहिला. जुन्या कापडाचे चक्र फिरवणारी, आजच्या भाषेत 'पर्यावरणरक्षक' अशी ही बाई. पण तिच्या ज्ञानाला कोणी ज्ञान म्हटले नाही. उलट तिला जिन्याच्या वर येऊ दिले नाही. तेच काम वातानुकूलित खोलीत बसून केले की त्याला करिअर म्हणतात.

आणि या तपासनिसांच्या दाखल्यात काय लिहिलेले असते? कंपनीचे नाव, मॉडेल, साल, रंग, वस्तूची अवस्था. आधीचा मालक प्रसिद्ध असेल तर त्याचेही नाव. फक्त एक नाव नसते. ज्याने चामडे कमावले आणि ज्याने टाके घातले, त्याचे!

हे नाव का नसते, ते इटलीतल्या एका प्रकरणाने दाखवून दिले. जून २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिओर या जगप्रसिद्ध कंपनीची बॅगा बनवणारी शाखा न्यायालयीन देखरेखीखाली आणली. उपकंत्राटदारांच्या कारखान्यांत स्थलांतरित चिनी मजुरांची पिळवणूक होत होती, माणसे कामाच्या जागीच झोपत होती. दुकानात २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या बॅगेच्या जुळणीसाठी, कच्चा माल वगळून, कंत्राटदाराला ५३ युरो मिळत होते, हे तपासात पुढे आले. पुढे २०२५ मध्ये ही देखरेख उठली. पण आकडे उठले नाहीत. युरोपात जात नाही असे म्हणतात. नसेल. पण राबणारा हात झाकून शिक्का मिरवण्याची रीत तिथेही आहे, आणि आम्ही ती लांबूनही ओळखतो.

कारण हाच प्रकार आमच्या दारात घडला. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलांसारखी पायताणे दाखवली आणि त्यांना नुसते 'चामड्याच्या सँडल' म्हटले. कोल्हापूर नाही, चर्मकार नाही, कोणाचेच नाव नाही. या चपलेला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे कर्नाटकातले चार जिल्हे तिचे घर. गदारोळ झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाल्याचे आणि सुमारे ८०० युरोंची एक अशा २,००० जोड्या या भागात बनवून घेणार असल्याचे जाहीर झाले.

चांगली गोष्ट. पण पुढचा विचार कोणी केला आहे काय? या जोड्या एक-दोन वर्षे कोणाच्या तरी पायात राहतील आणि मग याच जुन्या मालाच्या बाजारात येतील. माल थोडा असल्याने कदाचित मूळ भावापेक्षा चढ्या भावाने विकल्या जातील. मग वाटेकरी कोण? विकणारा मालक आणि बाजार चालवणारी कंपनी. ज्याने ऊन-पाण्यात चामडे भिजवले, कापले, वेणी घातली, त्याला दुसऱ्या विक्रीतून दमडी नाही. तिसऱ्या विक्रीतूनही नाही.

यावर कोणी म्हणेल, एकदा विकलेल्या वस्तूवर बनवणाऱ्याचा हक्क कसला? थांबा. असा हक्क आपल्या कायद्यात आहे! भारताच्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम आले. एखाद्याचे मूळ चित्र, शिल्प, रेखाटन किंवा हस्तलिखित दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीत निर्मात्याला वाटा मागता येतो. हा वाटा दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. फ्रान्समध्ये तर चित्रकारांसाठी असा कायदा १९२० सालीच झाला. म्हणजे तत्त्व मान्य आहे: वस्तूचा भाव पुढे वाढला तर तिच्या जन्मदात्याचा त्यात हिस्सा आहे. मग चित्रकाराला हिस्सा आणि चर्मकाराला नाही, हे कसे?

उत्तर सोपे आहे. एकाने केले ती 'कला', दुसऱ्याने केले ते 'जातीचे काम'. कलावंताला नाव असते, जातीच्या कामाला फक्त जात असते. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात सांगितले होते की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. आज तो विचार कायद्याच्या कलमांतही वाचता येतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली हातबनावटीची वस्तू संघटित ऑनलाइन बाजारात पुन्हा विकली गेली, तर कलम ५३-अ च्या धर्तीवर ठराविक वाटा कारागिरांच्या सहकारी संस्थेकडे किंवा कल्याण निधीकडे गेला पाहिजे. हिशेब ठेवता येणार नाही ही सबब चालणार नाही. बोहारणीच्या टोपलीचा हिशेब ठेवता येत नव्हता. या बाजारात प्रत्येक सौद्याची नोंद होते, कंपनीला आपला वाटा पैशापैशाने कापता येतो. कारागिराचे नाव ठाऊक नाही ही सबबही आता चालणार नाही. आपल्या लिडकॉमने २०२५ मध्ये कोल्हापुरी चपलांसाठी असा क्यूआर कोड आणला की ज्यातून ती कोणी आणि कुठे बनवली हे कळावे. हे नाव पहिल्या विक्रीपुरते कशाला? वस्तू जितके हात फिरेल तितके हात ते नाव फिरले पाहिजे.

आता दोन शब्द आमच्या तरुण-तरुणींशी. पहिल्या पगारात, कधी हप्त्यावर, इंटरनेटवरून जुनी ब्रँडेड पर्स घेणारी मुले-मुली आता आपल्या वस्त्यांतही आहेत. आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चांगले कापड नाकारले, त्यांनी चांगले ल्यावे यात गैर ते काय? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना जातीची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत आणि दागिने टाकून द्यायला सांगितले आणि स्वच्छ राहायला सांगितले. त्या माउलींनी ते ऐकले. बाबासाहेबांचा सूट हीदेखील फॅशन नव्हती. नेमून दिलेल्या वस्त्राला दिलेला तो नकार होता.

पण महाडला अंगावरचा दुसऱ्याने मारलेला शिक्का पुसला गेला होता. आज पैसे मोजून दुसऱ्याचा शिक्का अंगावर घेताना एवढेच विचारा, की हा नकार आहे की नवा होकार? आणि घ्यायचेच असेल तर डोळे उघडे ठेवून घ्या. या बाजारात नकली मालाचे वाद मोठ्यांनाही चुकलेले नाहीत. शनेल कंपनीने २०१८ साली रिअलरिअलवर नकली माल विकल्याचा दावा लावला, तो आरोप त्या कंपनीने नाकारला. शनेलनेच लावलेल्या दुसऱ्या एका दाव्यात न्यूयॉर्कच्या ज्युरीने फेब्रुवारी २०२४ मध्ये एका जुन्या मालाच्या विक्रेत्याविरुद्ध ४० लाख डॉलर्सचा निकाल दिला. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन बाजाराने तक्रार अधिकारी नेमला पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत दिली पाहिजे आणि महिन्याभरात निवारण केले पाहिजे. फसलात तर गप्प बसू नका, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कायदा आपल्याच माणसाने लिहिलेल्या संविधानाखाली चालतो, तो वापरायला लाजू नका.

मढ्याचे कापड नाकारून आमचा समाज उभा राहिला. आता जुन्या कापडाचा, जुन्या चामड्याचा भाव कोटींवर गेला आहे. तो भाव ज्यांच्या हातांनी उभा केला, त्यांचे नाव त्यावर आणि त्यांचा वाटा त्यात आलाच पाहिजे. भीक नको, जुनेर नको, हिस्सा हवा!

जय भीम!