सेनेटर हेन्री जॅक्सन यांचें इंडियन जमाती, सरकारी जमिनी व इंधन यांविषयींचें धोरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एकूण भूमीपैकीं चतुर्थांशाहून अधिक भूमि आजही मध्यवर्ती सरकारच्या मालकीची आहे. तींतील बहुतेक पश्चिमेकडील संस्थानांत व अलास्कांत मोडते. इंडियन जमातींचीं मोठीं राखीव क्षेत्रें, अरण्यें आणि तेल व कोळसा यांचे पुष्कळ सांठेही त्याच प्रदेशांत आहेत. त्यामुळें जमातींचे हक्क, सरकारी जमिनी व इंधन हे तिन्ही प्रश्न सेनेटमध्यें दीर्घकाळ एकाच समितीपुढें येत. या समितीचें अध्यक्षपद १९६३ पासून वॉशिंग्टन संस्थानचे सेनेटर हेन्री जॅक्सन यांजकडे होतें. १९७७ मध्यें समितीचें नांव बदललें व जमातींचा विषय निराळ्या समितीकडे गेला. तथापि जॅक्सन १९८१ पर्यंत अध्यक्ष राहिले. १९८३ सालीं त्यांचें निधन झालें.

त्यांजविषयीं दोन मतें आढळतात. एक पक्ष त्यांस जमातींचा उच्छेदक मानतो, दुसरा त्राता मानतो. पुरावा दोहोंसही आहे. परंतु तो कालानुक्रमानें लाविल्यावांचून त्याचा अर्थ लागत नाहीं. म्हणून भाषणांपेक्षां विधेयकें व ठराव यांवरच आम्ही येथें भर देतों.

जमातींविषयीं. १९४६ च्या इंडियन दावे आयोगाच्या कायद्यामागें जॅक्सन हे प्रमुख होते. सरकारनें अन्यायानें घेतलेल्या जमिनींचे जुने दावे या आयोगानें ऐकावयाचे; पण भरपाई पैशांत, जमीन परत नाहीं, असा त्याचा नियम होता. १९५३ सालीं काँग्रेसनें १०८ क्रमांकाचा ठराव केला. जमातींवरील सरकारी पालकत्व शक्य तितक्या लवकर संपवावें, असा त्याचा आशय. आणि सेनेटमध्यें तो मांडणारे जॅक्सनच. "मुक्तता" हा शब्द कानांस गोड खरा, पण पालकत्वाबरोबर राखीव भूमीचें संरक्षण व तहांनीं मिळालेल्या सोयीही जात. विस्कॉन्सिनमधील मेनॉमिनी जमातीसंबंधीं १९५४ मध्यें कायदा झाला व १९६१ मध्यें तो अमलांत आला. जमातीचें इस्पितळ बंद पडलें आणि दारिद्र्य वाढलें. जॅक्सन यांच्याच संस्थानांतील कोल्व्हिल जमातीवर १९५६ च्या कायद्यानें अशी योजना सादर करण्याचें बंधन घातलें होतें. राखीव क्षेत्राबाहेर राहणाऱ्या अनेक सभासदांस वनभूमीचें मूल्य वांटून हवें होतें, तर क्षेत्रांत राहणाऱ्या बऱ्याच जणांस भूमीच हवी होती. जॅक्सन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत त्यासाठीं विधेयकें मांडलीं. तीं कायद्याच्या रूपास आलीं नाहींत.

पुढील पालट मात्र थोड्या अवधींत झाला. टाओस पुएब्लो येथील जमातीचें पवित्र निळें सरोवर व भोंवतालची भूमि १९०६ सालीं राष्ट्रीय वनांत गेली होती. सुमारें ४८,००० एकर भूमि परत देण्याचा प्रश्न १९७० मध्यें आला, तेव्हां जॅक्सन विरोधकांत होते. सरकारी वनभूमि एकदां दिली कीं इतरही जमाती मागतील, ही विरोधकांची भीति. तो कायदा १५ डिसेंबर १९७० रोजीं झालाच. १९७१ मध्यें जॅक्सन यांनीं १९५३ चें धोरण सोडून देण्याचा ठराव आणला. सेनेटनें तो संमत केला. त्याच वर्षीं त्यांनीं ब्लॅकफीट जमातीचे फॉरेस्ट जेरार्ड यांस आपल्या समितीच्या कामावर घेतलें. १९७५ चा आत्मनिर्णय व शिक्षण साहाय्य कायदा याच मार्गानें झाला. त्यायोगें शाळा, आरोग्य इत्यादि कामें जमातींस करारानें स्वतः चालवितां येऊं लागलीं, आणि सरकारचें दायित्वही राहिलें.

जमिनी व इंधन यांविषयीं. १९६४ चा अरण्यरक्षण कायदा, १९६८ चें नॉर्थ कॅस्केड्स उद्यान व १ जानेवारी १९७० रोजीं अमलांत आलेला राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा यांत जॅक्सन यांचा वांटा मोठा. पण अलास्कांत १९६८ मध्यें तेल सांपडलें, आणि तिन्ही प्रश्न एकत्र आले. नळमार्गापूर्वीं मूळ रहिवाशांचे भूमिहक्क ठरणें अवश्य होतें. १९७१ च्या कायद्यानें त्यांस सुमारें ४ कोटि ४० लक्ष एकर भूमि व ९६ कोटि २५ लक्ष डॉलर मिळाले. मोबदल्यांत उरलेल्या भूमीवरील त्यांचे परंपरागत हक्क संपले. भूमि मिळाली ती राखीव क्षेत्र म्हणून नव्हे, तर प्रादेशिक व ग्राम कंपन्यांच्या नांवें. पुढें पर्यावरण कायद्याच्याच आधारें न्यायालयांत नळमार्ग अडला. १९७३ मध्यें त्यास परवानगी देणारें विधेयक जॅक्सन यांचेंच. मात्र हा विषय न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढणाऱ्या दुरुस्तीस त्यांनीं विरोध केला. मतें ४९ विरुद्ध ४९ पडलीं व उपाध्यक्षांच्या मतानें ती दुरुस्ती पार पडली. तेलटंचाई ओढवल्यावर नोव्हेंबर १९७३ मध्यें नळमार्गाचा कायदा झाला.

निष्कर्ष. जॅक्सन १९७२ व १९७६ मध्यें अध्यक्षपदाचे इच्छुक होते, म्हणून त्यांचा पालट केवळ स्वार्थाचा, असें म्हणतात. हेतूविषयीं निर्णय देणें इतिहासकारास कठीण; कृतींची संगति मात्र दिसते. १९४६, १९५३ व अलास्काचा १९७१, या तिहींत दावा एकदांचा मिटवावा, हीच वृत्ति आहे. केवळ किंमत वाढत गेली. तिला खरा अपवाद १९७५ चा कायदा. कारण त्यानें अधिकार दिला, पण संबंध तोडला नाहीं. १९५३ चा ठराव काँग्रेसनें रीतसर अव्हेरला तो १९८८ मध्यें, जॅक्सन यांच्या मागें. आणि कोल्व्हिलची राखीव भूमि आजही त्या जमातीकडे आहे, याचें श्रेय मुख्यतः १९७१ च्या निवडणुकींत उच्छेदविरोधी मंडळ निवडून देणाऱ्या तिच्या सभासदांस आहे, असें आमचें मत आहे.