मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना

कर्जतजवळच्या कोंदिवडे गावावरून चढत गेलं की राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाणे लेणी लागतात. इथलं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, सुमारे दोन हजार वर्षांचं आहे. ते नीट पाहायला युरोपातल्या नवअभिजात वास्तुचित्रांची शिस्त फार उपयोगी पडते.

सममिती म्हणजे काय?

डावं-उजवं सारखं असणं हा सममितीचा आजचा अर्थ. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस यांचा अर्थ व्यापक होता: प्रत्येक भागाचं इतर भागांशी आणि सबंध वास्तूशी असलेलं प्रमाण. खांबाच्या जाडीवरून त्याची उंची आणि दोन खांबांतलं अंतर ठरे. स्टुअर्ट आणि रेवेट यांनी अथेन्सच्या वास्तू मोजून काढलेल्या चित्रांचा पहिला खंड 1762 मध्ये निघाला आणि हा आदर्श युरोपात पुन्हा रुजला; हीच नवअभिजात परंपरा. 1833 मध्ये पूर्ण झालेला मुंबईचा टाउन हॉल, त्याच्या डोरिक खांबांसह, त्याच परंपरेतला.

जलरंगाचं काम

अशा वास्तुचित्रात आधी मध्यरेषा, मग मोजून आखलेल्या रेषा, शेवटी पातळ रंगाचे एकावर एक वॉश. इमारत थेट समोरून दाखवल्यामुळे प्रमाण बिघडत नाही, पण खोली हरवते. सावली ती परत आणते. उजेड डावीकडून, वरून, 45 अंशांत येतो असं धरण्याचा प्रघात पडला. त्यामुळे सावलीच्या रुंदीवरून एखादा भाग किती पुढे आला आहे ते कळतं.

पुण्याचे गंगाराम तांबट

मोजून पाहण्याची ही दृष्टी आपल्याकडेही आली. पेशवे दरबारातले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस चित्रकार गंगाराम तांबटांनी वेरूळची लेणी रेखाटली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासोबतही त्यांनी काम केलं. तांबटांची बरीच चित्रं आज अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत.

कोंढाण्यासमोर

कोंढाण्याच्या चैत्यगृहाची मोठी कमान मध्यरेषेवर उभी आहे. तिच्या दोन्ही अंगांना गवाक्षं आणि वेदिकापट्ट्या. पण आतले खांब सरळ उभे नाहीत, किंचित आत कललेले आहेत. लाकडी बांधणीत छताचा दाब पेलायला खांब तिरके रोवत. खोदणाऱ्यांनी ती सवय दगडातही जपली. आणि दर्शनी भागाच्या एकाच बाजूला एक मोठं शिर आहे. त्याजवळचा ब्राह्मी लेख सांगतो की हे काम कण्हाचा शिष्य बलक याचं.

कोंढाण्याला जाल तेव्हा वही-पेन्सिल न्या. दगडाला हात न लावता समोर बसा आणि पहिली रेषा मध्यरेषेची ओढा. दोन्ही बाजू जुळवत गेलात की बलकाचं नाव कुठे आहे ते आपोआप सापडेल.