रायफल नेमबाजीतील सरावअंतरे

रायफल नेमबाजीतील सरावअंतरे : स्थिर लक्ष्यपटावर रायफलीने नेम साधण्याच्या स्पर्धांची तयारी करताना नेमबाज ज्या अंतरांवरून सराव करतो ती अंतरे. स्पर्धेचे अंतर नियमांनी ठरलेले असते. सरावाचे अंतर मात्र नेमबाज व त्याचा प्रशिक्षक यांना ठरवावे लागते. उपलब्ध जागा, काडतुसांचा खर्च, सुरक्षितता व त्या टप्प्यावर आत्मसात करावयाचे कौशल्य यांवर ही निवड अवलंबून असते. अंतर किंवा लक्ष्यपट यांची निवड चुकल्यास सरावातील गुण फुगतात आणि प्रत्यक्ष स्पर्धेत ते टिकत नाहीत.

स्पर्धेची अंतरे : आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार रायफलीसाठी १० मी. (४·५ मिमी. छऱ्याची हवाई रायफल), ५० मी. (५·६ मिमी. किंवा ०·२२ इंची काडतूस) व ३०० मी. (८ मिमी.पर्यंतचा व्यास) ही तीन अंतरे मान्य आहेत. ३०० मी.ची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये १९७२ नंतर झालेली नाही. ब्रिटिश परंपरेतील मोठ्या रायफलीच्या स्पर्धा ३०० ते १,००० यार्ड अंतरांवर होतात. इंग्लंडमधील बिझ्ली हे १८९० पासून त्यांचे प्रमुख केंद्र आहे. भारतात या क्रीडेचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली. तीत लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांचा पुढाकार होता.

कोनीय मापन : निरनिराळ्या अंतरांची तुलना मिलिमीटरांत न करता कोनात करावी लागते. एक कला (१/६० अंश) एवढी नेमातील चूक १० मी.वर सु. २·९ मिमी., ५० मी.वर १४·५ मिमी., तर ३०० मी.वर ८७ मिमी. एवढी होते. हवाई रायफलीच्या लक्ष्यपटावर दहा गुणांचा ठिपका केवळ ०·५ मिमी. व्यासाचा असतो, ५० मी.वर ते वर्तुळ १०·४ मिमी., तर ३०० मी.वर १०० मिमी. व्यासाचे असते. तथापि छऱ्याची कड वर्तुळाला स्पर्शली तरी वरचा गुण मिळतो. म्हणून वर्तुळाच्या व्यासात छऱ्याचा वा गोळीचा व्यास मिळविला पाहिजे. अशा रीतीने दहा गुणांचे क्षेत्र १० मी.वर ५ मिमी. (सु. १·७ कला) व ५० मी.वर १६ मिमी. (सु. १·१ कला) ठरते, ३०० मी.वर ते सु. १·२ कला असते. म्हणजे ठिपका दिसावयास लहान असला, तरी केवळ दहा गुण मिळविण्याच्या दृष्टीने ५० मी.ची कसोटी अधिक कठोर आहे. या हिशेबाने १० मी.वरील सरावात १०·४ किंवा अधिक दशांश गुण देणारा नेमच ५० मी.वर दहाच्या क्षेत्रात निश्चित बसेल. १०·० ते १०·२ गुण देणारा नेम तेथे नवावर जाईल.

कमी केलेले अंतर : पूर्ण ५० मी. जागा नसेल, तेव्हा २५ मी.वर लहान लक्ष्यपट लावून सराव करतात. मूळ लक्ष्यपट सरसकट निम्म्या मापाचा करणे हा येथील नेहमीचा दोष होय. काळ्या वर्तुळाचा व्यास ११२·४ मिमी.ऐवजी ५६·२ मिमी. ठेवणे योग्यच असते, कारण त्यामुळे माशीच्या वलयातून दिसणारे चित्र तसेच राहते. गोळी मात्र निम्मी होत नाही. दहाचे क्षेत्र १६ मिमी.वरून ८ मिमी.वर आणावयाचे, तर त्यातून गोळीचे ५·६ मिमी. वजा करून वर्तुळ २·४ मिमी. व्यासाचे आखावे लागते, ५·२ मिमी.चे आखल्यास क्षेत्र १०·८ मिमी., म्हणजे सु. १·५ कला होते व गुण अकारण वाढतात. याच रीतीने नवाचे वर्तुळ १०·४ मिमी. व आठाचे १८·४ मिमी. येते.

वारा हा दुसरा भेद होय. बाजूने वाहणाऱ्या वाऱ्यामुळे गोळीचे होणारे विचलन स्थूलमानाने अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला १ मी. वेगाचा आडवा वारा ०·२२ गोळीस ५० मी.वर सु. ६ मिमी. ढकलतो, तेथील एका वलयाची रुंदी ८ मिमी. असते. २५ मी.वर हे विचलन सु. दीड मिमी.च राहते, म्हणजे कोनातही निम्मेच. सबब कमी अंतरावर शरीरस्थिती, श्वासनियंत्रण व चाप ओढणे शिकता येते; वारा ओळखणे शिकता येत नाही. काडतुसांची प्रतही तेथे पुरती पारखता येत नाही.

सरावाचा क्रम : नवशिक्यास प्रथम कोरा सराव, म्हणजे छरा न भरता नेम धरून चाप ओढणे, पुरेसा असतो. त्यानंतर १० मी. हे मूळ अंतर मानावे. हवाई रायफलीचा छरा मंदगती असल्याने चाप ओढल्यानंतरही रायफल क्षणभर स्थिर ठेवावी लागते व ही सवय पुढे सर्व अंतरांवर उपयोगी पडते. ५० मी. तीन स्थिती (गुडघा टेकून, पालथे पडून व उभ्याने) या प्रकारातील उभ्या स्थितीचा बराचसा सराव १० मी.वर होऊ शकतो. पालथ्या स्थितीचा मात्र शक्यतो पूर्ण अंतरावरच करावा. स्पर्धा जवळ येताच सर्व सराव स्पर्धेच्याच अंतरावर व वेळेत करणे इष्ट. अंतर बदलताच दृष्टियंत्र पुन्हा जुळवावे लागते. काळे वर्तुळ १० मी.वर सु. १०·५ कला, तर ५० मी.वर ७·७ कला एवढे दिसते. त्यानुसार माशीचे वलयही बदलावे लागते. या जुळणीची प्रत्येक अंतरासाठी वहीत स्वतंत्र नोंद ठेवावी.

महाराष्ट्रातील स्थिती : वरळी (मुंबई) व बालेवाडी (पुणे) येथील रेंज राज्यात प्रमुख आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. पालथ्या स्थितीत, तर ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील यांनी २०२२ मध्ये कैरो येथे १० मी.मध्ये जागतिक विजेतेपद मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक पटकावले.

या केंद्रांपासून दूर असलेल्या बीडसारख्या जिल्ह्यात अंतराची निवड हा साधनांचा प्रश्न ठरतो. सु. १५ मी. लांबीच्या शालेय सभागृहात, मागे भक्कम अडथळा व ये-जा बंद ठेवण्याची सोय असल्यास, १० मी.चा सराव वर्षभर होऊ शकतो. ०·२२ची गोळी एक किमी.हून अधिक दूर जाऊ शकत असल्याने ५० मी.साठी परवाना, मातीचा उंच बांध व बाजूच्या भिंती अपरिहार्य असतात. बालाघाटच्या माळावर मोकळी जागा दिसते म्हणून तेथे गोळीबार करणे धोक्याचे व बेकायदेशीर होय. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरील हवेच्या थरथरीमुळे लक्ष्य जागचे हललेले भासते, म्हणून उघड्या रेंजवर सकाळचा सराव श्रेयस्कर. अशा जिल्ह्यातील होतकरू नेमबाजाने १० मी.वर दशांश गुणांची कठोर कसोटी लावून पाया पक्का करावा आणि ५० मी.च्या मोजक्या शिबिरांत काडतुसे मुख्यतः वाऱ्याच्या अभ्यासासाठी खर्ची घालावीत, हे अधिक फलदायी ठरते.