अर्धी गोळी पुरे?

घरात कुणाला ताप आला की औषधांच्या डब्यातून गोळी निघते. मोठ्याला अख्खी, धाकट्याला अर्धी! हिशेब सोपा वाटतो. पण शरीराचा हिशेब इतका सोपा नसतो.

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही रुग्णालयांत, अपुऱ्या दिवसांच्या बालकांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक देत असत. विषमज्वरावर ते फार गुणकारी ठरले होते. पण यांतील काही बालके दूध पिईनाशी झाली, त्यांची पोटे फुगली, अंग राखी रंगाचे पडले आणि ती दगावली. १९५९ साली लॉस एंजलिसमधील डॉक्टरांनी औषध दिलेल्या आणि न दिलेल्या बालकांची तुलना केली, तेव्हा दोष औषधाचाच असल्याचे दिसून आले.

मोठ्यांना मानवणारे औषध नवजातांना घातक का ठरावे?

याचे उत्तर यकृतात आहे. तेथील एक विकर या औषधाला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडते. मग ते निरुपद्रवी बनून मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मोठ्या माणसाच्या रक्तातील औषध अशा रीतीने सुमारे ४ तासांत निम्मे होते. नवजाताचे विकर मात्र अजून पुरते कामाला लागलेले नसते. मूत्रपिंडेही कच्ची असतात. त्याला एवढ्याच कामाला सुमारे एक दिवस लागतो. समजा, दर ६ तासांनी औषध दिले, तर पहिली मात्रा निम्मी होण्याच्या आत आणखी तीन मात्रा पोटात जातात. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, अशी ही गत!

मग लहानांना औषध नेहमी कमीच द्यावे का? तसेही नाही. दम्यावरील थिओफायलिन हे औषध पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या शरीरातून मोठ्यांपेक्षा लवकर नाहीसे होते. म्हणून दर किलोग्रॅम वजनामागे त्याला मात्रा अधिकच लागते.

तिसरी गोष्ट वाढीची. टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक कॅल्शियमला चिकटते. सुमारे आठ वर्षांपर्यंत हिरड्यांखाली कायमचे दात घडत असतात. त्या काळात ते दिले, तर घडत्या दातांत अडकून बसते आणि दात कायमचे पिवळे किंवा तपकिरी होऊ शकतात. मोठ्यांचे दात आधीच घडून झालेले असतात.

तेव्हा मित्रांनो, धाकट्या भावंडाला ताप आला तर आपली गोळी मोडून देऊ नका. डॉक्टरांना त्याचे वय आणि वजन सांगा व ते सांगतील तेच औषध, तेवढेच द्या. मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रतिकृती नव्हे. त्याचे शरीर अजून घडत असते.