बॅटरी भरली, हे दिव्याला कसं कळतं?

पावसाळ्यात वीज जायला लागली की एक तक्रार घरोघरी ऐकू येते. टॉर्च रात्रभर चार्जिंगला लावला होता, त्याचा लाल दिवाही छान लागलेला होता, तरी वेळ आली तेव्हा दहा मिनिटांत मान टाकली. असं कसं?

राग बॅटरीवर निघतो, पण फसवणूक बऱ्याचदा त्या लाल दिव्याने केलेली असते. अनेक स्वस्त टॉर्चमध्ये हा एलईडी एका रेझिस्टरला जोडून सरळ आत येणाऱ्या विजेच्या वाटेवर बसवलेला असतो. सॉकेटमध्ये वीज आहे, एवढंच त्याला ठाऊक. बॅटरी भरलेली असो, कायमची निकामी झालेली असो किंवा तिची तार तुटलेली असो, हा आपला लागलेलाच. अशा दिव्याला चार्जिंगचा दिवा म्हणून विकणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

मग बॅटरीचं व्होल्टेज मोजलं तर? लिथियम-आयन सेल 4.2 व्होल्टला भरला असं मानतात. तेवढं व्होल्टेज दिसलं की हिरवा दिवा लावायचा. कल्पना सोपी आहे, पण गॅसवर ठेवलेलं दूध जसं भांड्याच्या काठापर्यंत चढतं आणि आच कमी केली की खाली बसतं, तसंच चार्जिंग चालू असताना व्होल्टेज फुगलेलं असतं. सेल आणि तारा मिळून रोध 0.1 ओहम धरला आणि 1 अँपिअर प्रवाह सोडला, तर 0.1 व्होल्ट नुसता या रोधापायी वाढतो. 4.1 व्होल्टचा सेल 4.2 दाखवतो. हिरवा दिवा पाहून माणूस पिन काढतो आणि बॅटरी अर्धवटच राहते.

म्हणून चांगला चार्जर प्रवाहावर नजर ठेवतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत हौशी मंडळी टीपी4056 या चिपची छोटी निळी पाटी विकत घेतात, तिचं काम पाहण्यासारखं आहे. आधी ती ठरलेला प्रवाह देते, समजा 1 अँपिअर. व्होल्टेज 4.2 ला पोचलं की ते तिथेच धरून ठेवते. सेल भरत जातो तसतसा त्याच्यात शिरणारा प्रवाह आटत जातो. तो मूळच्या दहाव्या भागावर, म्हणजे 100 मिलिअँपिअरवर आला, की चिप चार्जिंग थांबवते आणि दिवा बदलते. सेल भरल्याची ही खूण व्होल्टेजपेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

पण इथेही एक खड्डा आहे. चार्जिंग चालू असतानाच त्याच बॅटरीवर रेडिओ लावला आणि तो 150 मिलिअँपिअर खात असेल, तर चिपमधून जाणारा प्रवाह 100 च्या खाली येतच नाही. बॅटरी भरली तरी लाल दिवा हटत नाही. उपाय म्हणजे चार्जिंग चालू असताना रेडिओला वीज थेट अडॅप्टरकडून द्यायची आणि बॅटरीला त्यातून मोकळं करायचं.

दिवा फडफडतो, ही आणखी एक तक्रार. 4.2 ला चार्जिंग बंद केलं की फुगलेलं व्होल्टेज किंचित उतरतं. मर्यादा एकच असेल तर सर्किटला वाटतं बॅटरी रिकामी झाली. ते पुन्हा सुरू होतं, पुन्हा थांबतं, आणि दिवा लाल-हिरवा, लाल-हिरवा नाचत राहतो. यावरचा इलाज सुचवणाऱ्या माणसाचं नाव इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याने उच्चारलेलं असतं, पण त्यांची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

1934 साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ऑटो श्मिट नावाचा एकविशीतला विद्यार्थी स्क्विड या माकुळाच्या मज्जातंतूंचा अभ्यास करत होता. मज्जातंतूचा स्वभाव मोठा विलक्षण. उत्तेजना एका उंबरठ्याच्या खाली असेल तर तो ढिम्म हलत नाही. उंबरठा ओलांडला की पूर्ण ताकदीने संदेश सोडतो. अर्धामुर्धा संदेश त्याला ठाऊकच नाही. श्मिट यांनी हा स्वभाव व्हॅक्यूम ट्यूबच्या सर्किटमध्ये उतरवला. सर्किटच्या निकालाचा थोडा अंश पुन्हा त्याच्याच प्रवेशाकडे वळवला, तेव्हा एकाऐवजी दोन उंबरठे तयार झाले: चालू होण्याचा वरचा आणि बंद होण्याचा खालचा. मधल्या पट्ट्यात कितीही चलबिचल झाली तरी सर्किट आपला निर्णय बदलत नाही. 1938 साली त्यांनी ‘थर्मायॉनिक ट्रिगर’ या नावाने ते प्रसिद्ध केलं. आज जग त्याला श्मिट ट्रिगर म्हणतं. जिवंत प्राण्याकडून यंत्राने शिकण्याच्या विद्येला ‘बायोमिमेटिक्स’ हे नावही त्यांनीच दिलं. समुद्रातल्या माकुळाचं हे देणं आज जगभरच्या सर्किटांमध्ये आहे.

त्या निळ्या पाटीवरही हेच दोन उंबरठे आहेत. 4.2 व्होल्टला सेल भरला की ती थांबते, पण पुन्हा सुरू होण्यासाठी व्होल्टेज सुमारे 4.05 पर्यंत उतरावं लागतं. बॅटरी काढून ठेवा आणि पाटीला वीज द्या: भरल्याचा दिवा तेवत राहतो आणि लाल दिवा दर काही सेकंदांनी लुकलुकतो. बॅटरीच्या जागी असलेला चिमुकला कपॅसिटर क्षणात भरतो, हळूहळू 4.05 पर्यंत रिता होतो आणि पुन्हा भरतो. हा बिघाड नाही. ‘बॅटरी जोडलेलीच नाही’ हा निरोप त्या लुकलुकीतून मिळतो.

दिवा कुठून जेवतो, हेही पाहायला हवं. बॅटरीवरच चालणारा 2 मिलिअँपिअरचा एलईडी दिवसाला 48 मिलिअँपिअर-तास खातो. 2000 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी त्याने सहा आठवड्यांत रिकामी होईल. त्यामुळे त्याला अडॅप्टरच्या बाजूने जोडणंच शहाणपणाचं. शिवाय लाल आणि हिरवा एकाच ठिपक्यातून दाखवले तर रंगांधळ्या माणसाला फरक कळत नाही. दोन दिवे वेगळ्या जागी ठेवले किंवा एक स्थिर आणि एक लुकलुकता केला, की प्रश्न मिटतो.

एक गोष्ट मात्र या साध्या दिव्याच्या आवाक्याबाहेरची आहे. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला आणि साठवण घटलेली असते, त्यामुळे ती नव्यापेक्षा लवकर ‘भरते’ आणि हिरवा दिवाही लवकर लागतो. तो खरंच बोलतोय, फक्त आत किती साठलं ते सांगत नाही. ते कळायला आत गेलेल्या विद्युतभाराची मोजदाद करावी लागते. मोबाइलमधली वेगळी चिप ते काम करते. टॉर्च बनवणाऱ्यांनी तेवढी चिप नाही घातली, तरी चार्जिंगला लागलेला वेळ मोजता येईल, आणि तो नेहमीच्या निम्म्यावर आला की हिरवा दिवा लुकलुकता ठेवता येईल.