काम लांबल्याची सूचना कशी लिहावी?

सूर्या नदीवरील धामणी धरण व त्याखालील कवडास बंधारा यांच्या कालव्यांचे पाणी पालघर, डहाणू व विक्रमगड तालुक्यांतील शेतांस मिळते. खरिपाचे भात पावसावर येते. परंतु उन्हाळी भात व भाजीपाला यांचे सारे गणित कालव्याचे पाणी केव्हा सुटेल यावर बसविलेले असते. कालव्याची दुरुस्ती लांबली आणि ही गोष्ट शेतकऱ्यास रोपे टाकल्यानंतर कळली, तर बियाणे, नांगरट व मजुरी ही सर्व वाया जातात. तीच गोष्ट वेळीच कळली तर तो रोपे उशिरा टाकील, किंवा जमिनीत ओल आहे तोवर वाल वा हरभरा पेरून घेईल. म्हणून काम लांबल्याची सूचना हे केवळ कार्यालयीन कागद नसून, बी-खतांच्या सल्ल्याइतकेच ते शेतीचे साधन होय.

‘तांत्रिक कारणास्तव काम लांबणीवर पडले आहे, तरी सर्वांनी सहकार्य करावे’ अशी सूचना पुष्कळदा फलकावर दिसते. ती वाचून शेतकऱ्याने काय करावे? कोणते काम, किती दिवस व कोणाच्या शेतास पाणी नाही, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही. चांगल्या सूचनेत पुढील पाच गोष्टी असाव्यात :

(१) कामाचे नाव व नेमके ठिकाण.
(२) पूर्वी सांगितलेली तारीख व नवी तारीख. नवी तारीख अंदाजाची असल्यास तसे स्पष्ट लिहावे.
(३) विलंबाचे खरे कारण, साध्या शब्दांत.
(४) त्याचा शेतीवर होणारा परिणाम व शेतकऱ्याने काय करावे.
(५) पुढील सूचना केव्हा मिळेल व चौकशी कोठे करावी.

नमुना असा :

‘दिनांक १ डिसेंबर. आपल्या गावाच्या वितरिकेचे अस्तरीकरण १५ डिसेंबर रोजी पुरे होणार होते. भराव खचल्यामुळे ते ५ जानेवारीपर्यंत चालेल. पाणी ८ जानेवारीच्या सुमारास सुटेल, असा अंदाज आहे. ज्यांनी रोपे टाकलेली नाहीत, त्यांनी तूर्त थांबावे. ज्यांनी टाकली आहेत, त्यांनी विहिरीच्या पाण्याची सोय पाहावी. कामाची स्थिती १५ डिसेंबर रोजी याच फलकावर लिहिली जाईल. चौकशी पाटबंधारे शाखा कार्यालयात करावी.’

मोठ्या प्रकल्पांसही हाच नियम लागू पडतो. मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. ५०८ किलोमीटरच्या या मार्गावर बोईसर हे एक स्थानक आहे. काम डिसेंबर २०२३ पर्यंत पुरे करण्याचे मूळ उद्दिष्ट होते. ते साधले नाही. मार्गासाठी लागणारी सर्व जमीन मिळाल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. अशा कामाचे केवळ नवे वर्ष कळून लगतच्या शेतकऱ्याचे भागत नाही. शेताची वाट केव्हा बंद होईल व पावसाळ्यात पाण्याचा निचरा कोणीकडून होईल, हेही त्यास समजले पाहिजे.

विलंबाचे कारण सांगणे ही मेहेरबानी नव्हे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ प्रमाणे प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींस कळविणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. माहिती देताना स्थानिक भाषा व त्या भागात परिणामकारक ठरणारी पद्धत यांचा विचार करावा, असेही त्याच कलमात सांगितले आहे.

म्हणून सूचना केवळ फलकावर लावून थांबू नये. आठवड्याच्या बाजारात, ग्रामसभेत व पाणीवापर संस्थेच्या बैठकीत ती वाचून दाखवावी. पाड्यांवर तेथील बोली जाणणाऱ्या व्यक्तीकडून ती सांगविणे इष्ट. शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत ती पोहोचली की नाही, हे कालव्याच्या शेवटच्या टोकाशी जाऊन विचारावे; कारण पाणी उशिरा पोहोचण्याचा फटका प्रथम त्यालाच बसतो.

नवी तारीखही टळण्याचा संभव दिसू लागताच दुसरी सूचना काढावी. तारीख उलटण्याची वाट पाहू नये. विलंब झाला म्हणून शेतकरी जितका दुखावतो, त्याहून अधिक तो अंधारात ठेवल्याने दुखावतो. खरी तारीख वेळेवर सांगणाऱ्या कार्यकर्त्याच्या पुढच्या शब्दावरही गाव विश्वास ठेवते.